भाकरीचं घर

तेवीस डिसेंबरच्या रात्री
दौंडात आमच्या गल्लीतले डबे निघायचे
हुसेनी बेकरीकडे.
कुणाचे पत्र्याचे, कुणाचे पातेल्यावर ताटली बांधलेले,
आमचा जर्मनचा,
ज्यावर भांडेवाल्यानं टकटक करून
नाव घातलेलं : सौ. शलोमी प. पाटोळे.
'ळे'ची मात्रा कडेला जागा न उरल्यानं
झाकणावर गेलेली.

आत मैदा, अंडी, जाळलेली साखर,
आणि पप्पांनी शटलनं पुण्याहून आणलेले बेदाणे,
त्यातले मूठभर
पाटसच्या आधीच त्यांच्या खिशातून संपलेले.
घरातल्या प्रत्येकानं एकदा डाव फिरवायचा, असा नियम.
मांजरीचाही पंजा धरून फिरवला एका वर्षी.
आईनं बघितलं नाही,
किंवा बघितलं.

बेकरीत आम्हा पोरांना मैद्याच्या पोत्यांवर झोपायची मुभा होती.
बाहेर थंडी, कारखान्याच्या मळीचा वास,
यार्डात शंटिंगचे दणके.
गनीचाचा लांब दांड्याच्या फळीवर एकेक डबा ठेवायचे
आणि होडी ढकलावी तसे
भट्टीच्या लाल तोंडात सोडायचे.
आत कुठवर जातो डबा, दिसायचं नाही.

त्याच आठवड्यात रणपिसे बाईंनी
रविवारच्या शाळेत सांगितलं होतं,
बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर.
मग मला कळलंच.
मी पोत्यावरून उठून विचारलं,
"चाचा, भट्टीच्या त्या टोकाला बेथलेहेम आहे?"
त्यांनी भुवईवरचं पीठ पुसलं.
"तो क्या! पार तिकडं जाऊन येतात डबे,
म्हणून तर सकाळ होते."
"मग आमचा केक दरवर्षी एका बाजूनं करपतो तो?"
"ती बाजू तिकडची. तारा लई जवळ असतो ना तिथं."

पहाटे साडेचारला हजेरी.
चाचा गरम डबा फडक्यात धरून नाव वाचायचे,
ज्याचं त्यानं ओरडायचं.
थुंबे! हजर.
डिसोझा गार्ड! हजर.
शलोमी पाटोळे!
आईच्या नावानं मी हजर व्हायचे,
आणि घरी जाईपर्यंत थोडी आईच असायचे,
पाय जपून टाकत,
रूळ ओलांडताना दोन्हीकडं बघत.

एका वर्षी डबे बदलले.
डिसोझांचा केक आमच्या घरी आला, रममध्ये भिजलेला.
पप्पा मंडळीचे वडील, दारूबंदीवर बोलणारे.
तीन तुकडे खाल्ले शांतपणे,
म्हणाले, यंदा बेदाणे चांगले लागलेत.

आता हडपसरला माझ्या ओट्यावर ओव्हन आहे,
काचेचा दरवाजा, आत दिवा,
सगळं दिसतं.
तरी तेवीसला मी तबिथाला घेऊन गाडीत बसते,
डबा मांडीवर, रिकामा.
पीठ मावशीकडे उतरून फेटते.
मुश्ताक विचारतो, "घरी नाही का जमत, दीदी?"
मी म्हणते, जमतं.
तो जागा करतो.
गनीचाचा आता दारातल्या खुर्चीवर,
नजर गेलीय,
पण बोटांनी डबा चाचपतात,
झाकणावरच्या मात्रेशी थांबतात.
"आली का पाटोळ्यांची?"

यंदा भट्टीपाशी बसून तबिथानं बराच वेळ आत पाहिलं.
काय दिसलं, सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
मग ती पोत्यावर झोपून गेली, बूट न काढता.

साडेचार.
मुश्ताकनं फडक्यात डबा धरला, दिव्याकडं तिरका केला.
"शलोमी पाटोळे!"

आई जाऊन सहा वर्षं झाली.
रुळांपलीकडच्या कबरस्तानात
तिच्या दगडावरही हेच नाव,
तिथं मात्रा नीट बसलीय.
मी तोंड उघडलं, आवाज निघेना.
पोत्यावरून केसांना पीठ लागलेली एक मुलगी
ताडकन उठून बसली,
डोळे अजून मिटलेले :
"हजर!"

डबा तिनंच उचलला.
रुळांपाशी थांबली, दोन्हीकडं बघितलं.
घरी उघडला तर
एका बाजूनं करपलेला.